छळछावणीतील प्रेम : यहुदी नरसंहाराचे साहित्य आणि जीव वाचण्याचा प्रश्न

पनवेल येथील 'बेथ एल' हे यहुदी प्रार्थनामंदिर १८४९ सालचे आहे. 'बेथ एल' या हिब्रू शब्दांचा अर्थ 'देवाचे घर' असा होतो. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल समाजाचे हे उपासनास्थान होय. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारी आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, पनवेलकर, नवगावकर अशी त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडली. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या व त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. या समाजाची मायबोली मराठी. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तरी तेथेही त्यांनी 'मायबोली' याच नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

याच पनवेल तालुक्यात, खारघर येथे, ऑगस्ट २००६ मध्ये हिटलरच्या नावाचे एक उपाहारगृह उघडले. लोकांचे लक्ष वेधून घ्यावे, एवढ्याचसाठी ते नाव दिले होते. यहुदी समाजाने निषेध नोंदवला, मालकाशी बोलणी केली आणि थोड्याच दिवसांत नाव बदलण्यात आले. प्रकरण मिटले. परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न मिटला नाही. ज्या मातीत यहुदी माणूस शेकडो वर्षे निर्भयपणे नांदला, तेथे साठ लाख यहुद्यांची हत्या करणाऱ्या माणसाचे नाव गंमत म्हणून पाटीवर कसे चढले? आमच्या मते याचे कारण द्वेष नव्हे, अज्ञान हे आहे. रेल्वे स्थानकाबाहेरील पुस्तकांच्या ढिगात हिटलरचे आत्मचरित्र सहज मिळते. त्याच्या छळछावण्यांतून परत आलेल्यांची पुस्तके मात्र शोधावी लागतात. त्या पुस्तकांचा, विशेषतः त्यांतील प्रेम आणि जीव वाचणे या दोन सूत्रांचा परिचय करून देण्यासाठी हा लेख आम्ही लिहीत आहोत.

नरसंहार आणि त्याचे साहित्य

१९३३ मध्ये हिटलर जर्मनीत सत्तेवर आला. प्रथम यहुद्यांच्या नोकऱ्या, मग नागरिकत्व, मग घरदार आणि अखेरीस प्राण हिरावून घेण्यात आले. १९४१ ते १९४५ या काळात हा संहार शिगेला पोहोचला. पूर्व युरोपात गावेच्या गावे खंदकांपाशी उभी करून गोळ्यांना बळी दिली गेली. पोलंडमधील छावण्यांत विषारी वायूच्या कोठड्या बांधण्यात आल्या. एकट्या ऑश्विट्झ छावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली व त्यांतील सुमारे १० लाख यहुदी होती. रोमा म्हणजे जिप्सी लोक, पोलिश नागरिक, सोव्हिएत युद्धकैदी, अपंग माणसे हेही नाझींच्या क्रौर्याला बळी पडले. तथापि केवळ जन्माने यहुदी आहे म्हणून तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत प्रत्येकाला शोधून मारण्याची ही योजना होती. तिलाच 'होलोकॉस्ट' म्हणतात. यहुदी लोक स्वतः 'शोआ', म्हणजे महाविनाश, हा हिब्रू शब्द पसंत करतात.

या विषयावरील साहित्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार त्याच काळात लपून लिहिलेल्या रोजनिशांचा. त्या लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना शेवट काय होणार हे ठाऊक नव्हते. दुसरा प्रकार वाचलेल्यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींचा. तिसरा प्रकार कथा-कादंबऱ्यांचा. वाचकाने हे तीन प्रकार वेगळे ओळखावेत, कारण प्रेमाविषयी तिन्ही प्रकार सारखेच बोलत नाहीत. पहिले दोन सहसा थोडे आणि जपून बोलतात, तर तिसरा कधी कधी फार बोलतो.

पतीच्या मनातील पत्नी

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ. १९४१ मध्ये त्यांच्यासाठी अमेरिकेचा व्हिसा तयार होता. आपण गेलो तर वृद्ध आईवडिलांचे काय होईल, या विवंचनेत ते होते. नाझींनी पाडलेल्या एका सभास्थानाच्या ढिगाऱ्यातून वडिलांनी संगमरवराचा एक तुकडा घरी आणला होता. त्यावर दहा आज्ञांपैकी आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेचे अक्षर कोरलेले होते. फ्रँकल यांनी व्हिसा वापरला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी टिली हिच्याशी विवाह केला. १९४२ मध्ये सर्वांनाच पकडून नेण्यात आले.

छावणीच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९४६ मध्ये निघाले. ते आता मराठीतही वाचावयास मिळते. त्यातील एक प्रसंग जगभर प्रसिद्ध आहे. पहाटेच्या अंधारात, बर्फातून, रखवालदारांचे फटके खात कैदी कामावर चालले आहेत. शेजारचा कैदी हळूच बायकांचा विषय काढतो आणि फ्रँकल यांना आपल्या पत्नीचा चेहरा सूर्यापेक्षाही तेजस्वी दिसू लागतो. ती जिवंत आहे की नाही हे त्यांना ठाऊक नाही. तसे असूनही मनातल्या मनात ते तिच्याशी बोलत राहतात. ज्याच्यापाशी काहीही उरलेले नाही, तो माणूसही प्रिय व्यक्तीच्या नुसत्या चिंतनाने क्षणभर धन्य होऊ शकतो, हे त्यांना तेथे उमगले.

हा प्रसंग व्याख्यानांतून आणि पुस्तिकांतून वारंवार सांगितला जातो. परंतु पुढचा भाग बहुधा सांगितला जात नाही. टिली बेर्गेन-बेल्सेन छावणीत मरण पावली. वडील तेरेझिएनश्टाट येथे गेले, आईला ऑश्विट्झमध्ये मारण्यात आले, भाऊही उरला नाही. ज्या प्रेमाखातर फ्रँकल व्हिएन्नात राहिले, ते प्रेम कोणालाही वाचवू शकले नाही. फ्रँकल यांनी हे कधी लपवले नाही. उलट, आपल्यातील जे सर्वांत चांगले होते ते परत आले नाहीत, अशी स्पष्ट कबुली त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच दिली आहे.

या साहित्यातून जे शिकायचे, त्याचे सूत्र येथे हाती लागते. प्रेमामुळे जीव वाचला, असे ही पुस्तके म्हणत नाहीत. जीव वाचला तो बहुधा योगायोगाने. कोणाला घराच्या आत काम मिळाले, कोणी योग्य दिवशी आजारी पडला, तर कोणाला एखादी भाषा येत होती. प्रेमाने जे राखले ते वेगळे होते. ज्यांना क्रमांक बनवले होते, त्यांना त्याने माणूस म्हणून राखले.

पुत्राची कबुली

एली विझेल हे तेव्हा हंगेरीच्या ताब्यात असलेल्या सिगेत गावचे. १९४४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना कुटुंबासह ऑश्विट्झला नेले. आई आणि धाकटी बहीण पहिल्याच रात्री कायमची दुरावली. पुढचे सर्व महिने पिता-पुत्रांनी एकमेकांना धरून काढले. जानेवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छावणीत वडील गेले. विझेल यांनी प्रथम यिद्दिश भाषेत १९५६ मध्ये आणि नंतर संक्षेप करून फ्रेंच भाषेत १९५८ मध्ये ही कहाणी प्रसिद्ध केली. फ्रेंच आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती फ्रान्स्वा मोरियाक या श्रद्धावान कॅथोलिक साहित्यिकाने.

या छोट्याशा पुस्तकात अंगावर काटा आणणारी गोष्ट क्रौर्याची नाही, तर कबुलीची आहे. आजारी वडिलांच्या ओझ्यातून सुटका व्हावी, हा विचार मुलाच्या मनाला शिवून जातो. वडील हाक मारीत असता तो भीतीने जागचा हलत नाही. वडील गेल्यावर त्याला रडू येत नाही, आणि मनाच्या तळाशी कुठेतरी सुटल्याची भावना असते. ती भावना लेखक झाकून ठेवीत नाही.

आपण श्रावणबाळाच्या कथेवर वाढलेली माणसे. आपल्याला हे वाचताना राग येण्याचा संभव आहे. परंतु थांबून विचार करावा. भूक, थंडी आणि मार यांनी पंधरा वर्षांच्या पोराला त्या टोकापर्यंत नेले, हा अपराध पोराचा नव्हे. छावणीची रचनाच अशी होती की तिने बापलेकांत भाकरीच्या तुकड्यावरून वैर लावावे. त्या रचनेला पुरून उरणारे प्रेम जेवढे खरे, तेवढेच तिच्यापुढे क्षणभर हरलेले प्रेमही खरे. विझेल यांनी आयुष्यभर त्या एका रात्रीची आठवण वाहिली. त्यांना १९८६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकाच उन्हाळ्यातील दोन जोडपी

जून १९४० मध्ये पोलिश राजकीय कैद्यांची पहिली तुकडी ऑश्विट्झमध्ये आणली गेली. तिच्यात येझी बिएलेत्स्की आणि एडेक गालिन्स्की हे दोन तरुण होते. दोघेही यहुदी नव्हते. पुढे छावणीतच दोघांचे मन यहुदी तरुणींवर जडले.

एडेकची माला झिमेटबाउम ही बेल्जियमहून आणलेली, अनेक भाषा जाणणारी मुलगी. छावणीत तिला दुभाषा आणि निरोप्याचे काम होते. त्या जागेचा उपयोग करून ती आजारी स्त्रियांना हलकी कामे मिळवून देई. २४ जून १९४४ रोजी एडेकने एस.एस. या नाझी सशस्त्र दलाचा गणवेश चढवला आणि दोघे निसटले. दोन आठवड्यांच्या आतच स्लोव्हाकियाच्या सीमेजवळ ती पकडली गेली. सप्टेंबरमध्ये दोघांनाही मृत्युदंड झाला. वधस्थानी मालाने आपल्या हाताची शीर कापून घेतली आणि अडवायला आलेल्या रखवालदाराच्या तोंडावर तडाखा दिला, असे साक्षीदार सांगतात. एडेकने आपल्या मित्राकडे दोघांच्या केसांच्या बटा कागदात गुंडाळून पोहोचवल्या होत्या. तो मित्र, वियेस्वाव्ह किएलार, वाचला आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने ही हकीगत लिहून ठेवली. प्रिमो लेव्ही यांनीही मालाची कथा आपल्या अखेरच्या पुस्तकात आदराने सांगितली आहे.

माला आणि एडेक पकडले गेल्यानंतर काही दिवसांतच, २१ जुलै १९४४ रोजी, बिएलेत्स्की यांनीही तोच मार्ग धरला. एस.एस.चा गणवेश घालून, जणू कैदी स्त्रीला चौकशीसाठी नेत आहोत अशा बतावणीने, त्यांनी सिला सिबुल्स्का हिला फाटकाबाहेर काढले. रात्रीमागून रात्री शेतांतून चालत ती दोघे नातेवाइकांकडे पोहोचली. सिलाला एका शेतकरी कुटुंबाने लपवले. बिएलेत्स्की भूमिगत लढ्यात गेले. युद्ध संपत आले तेव्हा ते बर्फातून पायी तिला आणायला आले, पण चार दिवस उशीर झाला होता. ते मारले गेले असे समजून सिला निघून गेली होती. ती पुढे अमेरिकेत गेली. दोघांनीही वेगवेगळे संसार केले. १९८३ मध्ये योगायोगाने एकमेकांचा पत्ता लागला आणि क्राकोव्हच्या विमानतळावर बिएलेत्स्की एकोणचाळीस गुलाब घेऊन उभे राहिले. ताटातुटीच्या प्रत्येक वर्षाचा एक गुलाब. १९८५ मध्ये इस्रायलच्या 'याद वाशेम' या स्मारकसंस्थेने त्यांचा गौरव केला. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

वाचकहो, या दोन कथा एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचाव्यात, अशी आमची विनंती आहे. धैर्य सारखे, युक्ती सारखी, प्रेम सारखे. एका जोडप्याचा अंत वधस्थानी झाला, दुसरे वाचले. बिएलेत्स्की आणि सिला यांचे प्रेम अधिक खरे होते म्हणून ती वाचली असे म्हणणे, हा माला आणि एडेकवर अन्याय होईल. प्रार्थना फळाला आली की आपण देवाचे आभार मानतो, ते योग्यच आहे. परंतु ज्यांची प्रार्थना फळली नाही, त्यांची श्रद्धा उणी होती असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. आजारपणात आणि अपघातांत आपल्या घरांतही हाच प्रश्न उभा राहतो.

अनोळखी माणसाचे प्रेम

प्रिमो लेव्ही हे इटलीतील तुरीन शहरचे रसायनशास्त्रज्ञ. ते १९४४ मध्ये ऑश्विट्झच्या मोनोविट्झ छावणीत होते. तेथे मजुरीसाठी आणलेला लोरेन्झो पेरोने नावाचा इटालियन गवंडी त्यांना भेटला. सहा महिने रोज त्याने लेव्ही यांना आपल्या वाट्याचे सूप आणि भाकरी आणून दिली, ठिगळ लावलेली एक बंडी दिली, घरी पत्र पोहोचवले. बदल्यात काही मागितले नाही. पकडला गेला असता तर त्याचीही गत कैद्यांसारखीच झाली असती. त्या सूपामुळे पोटाला आधार मिळाला हे लेव्ही मान्य करतात. परंतु त्याहून मोठे काम लोरेन्झोच्या साध्या चांगुलपणाने केले. छावणीबाहेर अजून निर्मळ जग शिल्लक आहे, याची त्याने आठवण ठेवून दिली. आपणही माणूस आहोत हे लेव्ही विसरले नाहीत, ते त्याच्यामुळे.

लोरेन्झोचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. जे डोळ्यांनी पाहिले ते त्याला पेलले नाही. युद्धानंतर तो दारूच्या आहारी गेला आणि १९५२ मध्ये वारला. ज्याने वाचवले तोच वाचला नाही. लेव्ही यांनी आपल्या मुलीच्या आणि मुलाच्या नावांत त्याचे नाव जिवंत ठेवले.

आपल्या वाचकांना येथे संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांची आठवण होईल. ते यहुदी नव्हते, पोलिश कॅथोलिक धर्मगुरू होते. म्हणून त्यांचे हौतात्म्य यहुदी नरसंहाराच्या इतिहासात मिसळू नये. पण छावणी तीच होती. १९४१ मध्ये उपासमारीच्या कोठडीसाठी निवडलेल्या फ्रान्सिशेक गायोव्हनिचेक या कैद्याने पत्नी आणि मुलांच्या आठवणीने आक्रोश केला. कोल्बे पुढे झाले, त्याच्या जागी गेले आणि १४ ऑगस्ट रोजी त्यांनी प्राण ठेवला. गायोव्हनिचेक वाचले. घरी परतल्यावर त्यांना पत्नी भेटली, पण दोन्ही मुलगे युद्धात मारले गेले होते. १९८२ मध्ये कोल्बे यांना संतपद देण्यात आले, तेव्हा ते रोममध्ये उपस्थित होते, आणि १९९५ पर्यंत जगले. ज्या मुलांसाठी जीव मागितला ती मुले नसतानाही, दुसऱ्याने दिलेला जीव त्यांनी निष्ठेने जगून दाखवला.

ॲन फ्रँक : वाचली ती वही

या साहित्यातील सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक म्हणजे ॲन फ्रँकची रोजनिशी. तिचाही मराठी अनुवाद उपलब्ध आहे. जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४ एवढा काळ अॅमस्टरडॅम येथील एका कचेरीच्या मागील भागात आठ माणसे लपून राहिली. पीटर या सोबतच्या मुलाविषयी ॲनच्या मनात उमललेली कोवळी ओढ आणि काही आठवड्यांनी तिने स्वतःच केलेली त्या ओढीची तपासणी वाचताना, ही मुलगी लेखिका झाली असती याविषयी शंका उरत नाही. १९४५ मध्ये ती बेर्गेन-बेल्सेनमध्ये आणि पीटर माउटहाउझेनमध्ये मरण पावला. आठांपैकी एकटे वडील, ओटो फ्रँक, परत आले.

प्रेमाचा दुसरा अध्याय लपलेल्यांचा नाही, लपवणाऱ्यांचा आहे. मिएप गिएस आणि त्यांचे सहकारी दोन वर्षांहून अधिक काळ रोज भाजी, धान्य, पुस्तके पोहोचवीत राहिले. धरपकडीनंतर जमिनीवर विखुरलेली पाने मिएप यांनी गोळा केली व न वाचता जपून ठेवली. रोजनिशी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलगी वाचली नाही, तिचे शब्द मात्र वाचले.

मुंबईतील पोस्टकार्डे

या साहित्याचा एक धागा आपल्या मुंबईतही येतो. नाझींच्या छळामुळे अनेक यहुदी कलावंत, डॉक्टर, व्यापारी १९३३ नंतर मुंबईत आले. त्यांना आधार देण्यासाठी १९३४ मध्ये येथे यहुदी मदत संघ स्थापन झाला. आकाशवाणीची सकाळची परिचयधून आपण सर्वांनी ऐकली आहे. तिचे कर्ते मानले जाणारे वॉल्टर कौफमान हे त्याच वर्षी मुंबईत आलेले यहुदी संगीतकार होते. व्हिएन्नाच्या नर्तिका हिल्डे होल्गर १९३९ मध्ये मुंबईत उतरल्या. येथेच त्यांनी एका पारशी डॉक्टरांशी विवाह केला व नृत्यशाळा काढली. त्यांच्या मागे राहिलेले बहुतेक कुटुंबीय मारले गेले.

अनिता देसाई यांची १९८८ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी 'बाउमगार्टनर्स बॉम्बे' ही अशाच एका माणसाची कथा आहे. ह्यूगो बाउमगार्टनर तरुणपणी बर्लिनहून भारतात येतो. आई मात्र घर सोडायला तयार होत नाही. युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकार त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून बंदिवासात टाकते. हिटलरपासून पळालेला यहुदी जर्मन म्हणून कैद होतो. हा केवळ कादंबरीतील खेळ नव्हे. तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत १९३९ मध्ये खरोखरच नाझी समर्थक आणि यहुदी निर्वासित एकत्र डांबले गेले होते. आईची त्रोटक पोस्टकार्डे येत राहतात आणि एके दिवशी थांबतात. म्हातारपणी ह्यूगो मुंबईत भटक्या मांजरांना खाऊ घालीत एकटा राहतो. तो सर्व युद्धातून वाचला आहे, पण कशासाठी हे त्याला सांगता येत नाही.

देसाई यांनी या कादंबरीचे बीज मुलाखतींत सांगितले आहे. मुंबईत वारलेल्या एका वृद्ध ऑस्ट्रियन यहुद्याची जर्मन पत्रे त्यांच्याकडे वाचण्यासाठी आली होती. पत्रांत खुशाली आणि मायेची विचारपूस यांखेरीज काहीच नव्हते. प्रत्येकावर एक क्रमांक मात्र होता. तो छावणीतील क्रमांक असावा, हे त्यांच्या पुष्कळ उशिरा ध्यानात आले. तू बरा आहेस ना, पोटभर जेवतोस ना, एवढेच विचारणारी ती पत्रे वाचली, की छावणीतील प्रेम म्हणजे काय हे समजण्यासाठी मोठ्या शब्दांची गरज पडत नाही.

गोड कथांविषयी सावधगिरीचे दोन शब्द

अलीकडच्या काळात छळछावणीतील प्रेमकथांना मोठी मागणी आहे. २०१८ मध्ये आलेली ऑश्विट्झच्या गोंदणकाराविषयीची हेदर मॉरिस यांची कादंबरी लाखो लोकांनी वाचली. लाले आणि गिता ही खरीखुरी माणसे होती, युद्धानंतर त्यांचा विवाहही झाला. परंतु ऑश्विट्झ स्मारकाच्या अभ्यासकांनी कादंबरीतील अनेक चुका दाखवून दिल्या. गिताचा क्रमांक चुकीचा आहे आणि त्या वेळी तेथे मिळणे शक्य नसलेले पेनिसिलीन कथेत आले आहे. त्याआधी, २००८ मध्ये, छावणीच्या कुंपणावरून रोज सफरचंद फेकणारी मुलगी पुढे आपली पत्नी झाली, अशी एका वृद्धाची आठवण खोटी निघाली आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. तो वृद्ध खरोखर छावणीतून वाचलेला होता, फक्त प्रेमकथा रचलेली होती.

एवढ्याशा चुकीने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. नरसंहार घडलाच नाही असे म्हणणारे लोक आजही आहेत, आणि प्रत्येक खोटी आठवण त्यांच्या हातात कोलीत देते. दुसरे असे, की गोड शेवटाची सवय लागली की जे परत आले नाहीत ते वाचकाच्या नजरेआड होतात. कादंबरी जरूर वाचावी, परंतु तिच्या सोबत एक तरी आठवण-ग्रंथ वाचावा.

आपली ख्रिस्तसभा आणि हे साहित्य

कॅथोलिक वाचकाला ही पुस्तके परक्या माणसाप्रमाणे वाचता येणार नाहीत. संत एडिथ स्टाईन यांचा जन्म यहुदी घरात झाला. १९२२ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९३३ मध्ये कार्मेल मठात प्रवेश केला, आणि त्याच वर्षी आपल्या यहुदी कुटुंबाचा वृत्तांत लिहायला घेतला. यहुद्यांविषयी जो विखार पसरवला जात होता, त्याला आपल्या आईच्या साध्या, कष्टाळू आयुष्याने उत्तर द्यावे, हा त्यांचा हेतू होता. २६ जुलै १९४२ रोजी हॉलंडच्या महागुरूंनी यहुद्यांच्या हद्दपारीचा निषेध करणारे पत्र चर्चमधून वाचून दाखवले. सूड म्हणून नाझींनी कॅथोलिक झालेल्या यहुद्यांना पकडले. एडिथ आणि त्यांची बहीण रोझा यांना ९ ऑगस्ट रोजी ऑश्विट्झमध्ये मारण्यात आले. आपण त्यांना हुतात्मा मानतो. त्याच वेळी, त्या यहुदी म्हणून मारल्या गेल्या हे यहुदी बांधवांचे म्हणणेही आपण विसरू नये.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. छावण्या चालवणारे हात पुष्कळदा बाप्तिस्मा झालेल्यांचे होते. शतकानुशतके ख्रिस्ती उपदेशांतून यहुद्यांविषयी जो तिरस्कार पेरला गेला, त्याने अनेकांची मने बधिर केली होती. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सर्व यहुदी लोकांवर ठेवण्याची रीत स्पष्टपणे नाकारली. १९९८ मध्ये व्हॅटिकनने नरसंहारावर स्वतंत्र निवेदन काढले आणि मार्च २००० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी जेरुसलेम येथे 'याद वाशेम'ला भेट देऊन ख्रिस्ती लोकांनी केलेल्या छळाबद्दल दुःख व्यक्त केले. पवित्र सप्ताहात दुःखसहनाची कथा वाचताना आपणही या शिकवणीचे भान ठेवावे.

समारोप

२७ जानेवारी १९४५ रोजी ऑश्विट्झची मुक्तता झाली. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तो दिवस नरसंहारातील बळींच्या स्मरणाचा दिवस म्हणून ठरवला. त्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळांनी यांपैकी एखादे पुस्तक एकत्र वाचावे, असे आम्ही सुचवतो. प्रारंभ ॲन फ्रँकपासून करावा, नंतर फ्रँकल घ्यावे, आणि मनाची तयारी झाल्यावर विझेल व लेव्ही यांच्याकडे वळावे.

गलबत फुटून नवगावला लागलेल्या त्या सात जोडप्यांचे सारे धर्मग्रंथ समुद्रात बुडाले, असे बेने इस्रायल परंपरा सांगते. त्यांच्या मुखी राहिली ती एक प्रार्थना, 'शेमा'. देव एकच आहे आणि त्याच्यावर सर्व मनाने प्रेम करावे, हे मुलाबाळांना सांगत राहावे, असा तिचा आशय आहे. प्रिमो लेव्ही यांनी आपल्या पुस्तकाच्या आरंभी जी कविता घातली, तिलाही त्यांनी पुढे 'शेमा' हेच नाव दिले. तिच्यातही घरी-दारी, उठता-बसता मुलांना सांगण्याची आज्ञा आहे. सांगायचे आहे ते माणसाचे काय केले गेले हे. लेव्ही यांची देवावर श्रद्धा उरली नव्हती, तरी आठवण ठेवण्याची आज्ञा त्यांनी सोडली नाही.

पनवेलच्या 'बेथ एल' मंदिरावरून जाताना आपल्या मुलांनी विचारले, की येथे कोण राहत होते आणि त्यांच्या धर्मबांधवांचे दूर देशी काय झाले, तर आपल्याला उत्तर देता आले पाहिजे. ते उत्तर ठाऊक असलेल्या गावात हिटलरच्या नावाची पाटी पुन्हा लागणार नाही.